ऑपरेटिंग सिस्टीम निवडायची? आधी प्रिंटर आणि टोकन बघा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. तेव्हापासून ओळखीच्यांचे फोन येतात ते बहुतेक एकाच प्रश्नासाठी. "आता काय टाकू? विंडोज ११, लिनक्स, की सरळ मॅक घेऊ?" मी आधी विचारतो, "प्रिंटर कोणता आहे?" समोरचा माणूस क्षणभर गोंधळतो. पण घरातले, दुकानातले आणि छोट्या ऑफिसांतले संगणक लावून देताना मला एक गोष्ट पक्की कळली आहे. ऑपरेटिंग सिस्टीम शेवटी ठरवतं ते आपल्याकडचं सगळ्यात हट्टी यंत्र, नाहीतर सगळ्यात हट्टी सॉफ्टवेअर. ते हट्टी कोण, हे पैसे खर्च करण्याआधी शोधलं की निम्मं काम झालं.

ओळखीच्या एका करसल्लागारांनी हौसेनं नवा लॅपटॉप घेतला. हलका, दिवसभर बॅटरी टिकणारा, विंडोज ११ असलेला. घरी आणल्यावर लक्षात आलं की डिजिटल सहीच्या टोकनचा (पेनड्राइव्हसारखं दिसणारं यंत्र) ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, त्यावर बसतच नाही, कारण आतला प्रोसेसर वेगळ्या जातीचा होता. रिटर्न भरायची तारीख दोन दिवसांवर. कपाटातला जुना संगणक पुन्हा टेबलावर आला आणि नवा लॅपटॉप मुलीच्या अभ्यासाला गेला. दुकानात पाच मिनिटं एकच प्रश्न विचारला असता तर हे टळलं असतं. तो प्रश्न कोणता, ते पुढे येईलच.

पहिली पायरी : आठवडाभराची यादी

ही यादी एका बैठकीत करू नका. संगणकाशेजारी वही ठेवा आणि आठवडाभर जे जे उघडाल, जे जे जोडाल ते लिहीत जा. नुसतं "प्रिंटर" लिहून भागत नाही. यंत्राच्या मागे किंवा खाली चिकटवलेल्या पट्टीवरचा पूर्ण मॉडेल नंबर लिहा. सॉफ्टवेअरचं नाव आणि आवृत्ती दोन्ही लिहा.

मग शांतपणे बसून वर्षातून एकदाच लागणाऱ्या गोष्टी आठवा. माणसं अडकतात ती इथेच. रोजचं ब्राउझर, ईमेल, व्हॉट्सॲप कुठल्याही सिस्टीमवर चालतं. अडतं ते जुलैत आयकर भरताना लागणाऱ्या एक्सेल युटिलिटीपाशी, मार्चअखेरच्या हिशोबापाशी, निविदेची शेवटची तारीख असलेल्या संध्याकाळी. लग्नाचे जुने फोटो ज्या स्कॅनरवर स्कॅन करायचे राहिलेत, तो स्कॅनरही यादीत घ्या.

यादी झाली की प्रत्येक नोंदीपुढे तीनपैकी एक खूण करा : हेच हवं, पर्याय चालेल, सोडून देता येईल. "हेच हवं" पुढे दहा खुणा झाल्या तर पुन्हा तपासा. मी पाहिलेल्या याद्यांत खरोखर न सुटणाऱ्या गोष्टी दोन-तीनच निघतात.

दुसरी पायरी : हट्टी सॉफ्टवेअर ओळखा

आधी सोपा भाग बाजूला काढू. ब्राउझरमध्ये चालणारं सगळं, म्हणजे नेट बँकिंग, गूगल डॉक्स, वेबवरचं ऑफिस, ऑनलाइन वर्ग, कुठेही चालेल. व्हीएलसी, ब्लेंडर, गिम्प, इंकस्केप, लिब्रेऑफिस यांच्या विंडोज, मॅक आणि लिनक्स अशा तिन्ही आवृत्त्या आहेत. व्हिडिओ संपादनाचं दा विंची रिझॉल्व्हही तिन्हीकडे मिळतं. फोटोशॉप विंडोज आणि मॅकवर आहे, लिनक्सवर नाही. ऑटोकॅडचं तेच, आणि त्याच्या मॅक आवृत्तीत विंडोजमधल्या सगळ्या सोयी नाहीत.

आता आपल्याकडचे खरे हट्टी.

टॅली प्राइम विंडोजसाठीच बनलेलं आहे. मॅक किंवा लिनक्सवरून ते वापरायचं तर दूरच्या विंडोज यंत्रावर चालवून पडद्यावर बघायचं, एवढाच भरवशाचा मार्ग. दुकानाचा सगळा हिशोब टॅलीत असेल तर निर्णय झाला म्हणून समजा. विंडोज ठेवा.

मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) असलेल्या एक्सेल फायलींचाही विचार असाच करा. त्या लिब्रेऑफिसमध्ये चालतील असं गृहीत धरू नका. मॅकवरच्या एक्सेलमध्येही ॲक्टिव्हएक्स नियंत्रणं चालत नाहीत, त्यामुळे बटणांनी भरलेली युटिलिटी उघडते खरी, पण बटण दाबल्यावर पुढे काहीच होत नाही.

मराठी डीटीपी हा तर स्वतंत्र विषय आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्री-लिपी किंवा सी-डॅकचं आयएसएम वापरून वर्षानुवर्षं निमंत्रण पत्रिका, दिवाळी अंक, स्मरणिका तयार करणाऱ्यांकडे दोन अडचणी असतात. एक म्हणजे सॉफ्टवेअर विंडोजचं, आणि जुन्या प्रतींना हार्डवेअर लॉकही (संगणकाला जोडलं तरच सॉफ्टवेअर चालू देणारं छोटं यंत्र) लागतं. दुसरी अडचण जास्त खोल आहे. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्याच चालणाऱ्या आजच्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर संगणकाच्या दृष्टीनं देवनागरी नसतोच. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी त्या फॉन्टनं देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की पानभर निरर्थक चिन्हं दिसतात. म्हणून सिस्टीम बदलण्याआधी, जुना संगणक चालू असतानाच, महत्त्वाच्या फायली युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि त्यांची पीडीएफही काढून ठेवा. रूपांतरानंतर रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

आणखी एक जुनं प्रकरण अजूनही छोट्या पतसंस्थांत आणि दुकानांत भेटतं : फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला डॉसचा प्रोग्रॅम. तो ३२ बिट विंडोजवर चालत आलेला असतो. ६४ बिट विंडोज १६ बिटचे प्रोग्रॅम चालवतच नाही, आणि विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्ती निघालेलीच नाही. म्हणजे विंडोजवरून विंडोजवर जातानाही काम अडू शकतं! अशा वेळी नव्या विंडोजमध्ये डॉसचं वातावरण उभं करणारं डॉसबॉक्स किंवा व्हीडॉस वापरून प्रोग्रॅम सुरू करता येतो. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर पावती काढायची असेल तर मी व्हीडॉस आधी करून बघतो, कारण छपाईची सोय त्यात धरलेली आहे. तरीही जुन्या नोंदी बाहेर काढून नव्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायला आता सुरुवात केलीच पाहिजे. तो प्रोग्रॅम ज्यानं लिहिला तो माणूस जोवर फोन उचलतोय तोवर हे काम सोपं आहे.

घरात व्हॅलोरंट खेळणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर तेही यादीत हवं. फसवणूक रोखणारं त्याचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत नाही आणि विंडोज ११ वर टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारा संगणकातला भाग) व सिक्युअर बूट (फक्त खात्रीची सिस्टीमच सुरू होऊ देणारी सोय) चालू असल्याशिवाय खेळ सुरू होत नाही. स्टीमवरचे पुष्कळ खेळ मात्र प्रोटॉनच्या (विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) जोरावर लिनक्सवर चांगले चालतात.

तिसरी पायरी : यंत्रांचे ड्रायव्हर

कुठलंही बाहेरचं यंत्र संगणकाशी बोलतं ते ड्रायव्हरमार्फत, आणि ड्रायव्हर त्या त्या सिस्टीमसाठी वेगळा लिहावा लागतो. ३२ बिटचा प्रोग्रॅम ६४ बिट विंडोजवर चालतो, पण ३२ बिटचा ड्रायव्हर चालत नाही. अनेक जुनी यंत्रं बाद होतात ती या एका नियमामुळे.

करसल्लागारांच्या लॅपटॉपचंही मूळ इथेच होतं. दुकानात विचारायचा प्रश्न असा : "यातला प्रोसेसर इंटेल-एएमडीच्या घराण्यातला आहे की एआरएम?" एआरएमवरची विंडोज नेहमीचे प्रोग्रॅम भाषांतर करून चालवते आणि बहुतेक वेळा ते नीट चालतात. ड्रायव्हरचं असं भाषांतर होत नाही. कंपनीनं एआरएमसाठी वेगळा ड्रायव्हर दिलेला नसेल तर जुना प्रिंटर, टोकन, हार्डवेअर लॉक त्या लॅपटॉपवर निरुपयोगी. ब्राउझर आणि ऑफिस एवढंच वापरणाऱ्याला असे लॅपटॉप उत्तम आहेत. ज्यांच्या टेबलावर दहा वर्षांपूर्वीची यंत्रं आहेत त्यांनी जपून.

प्रिंटरचं बोलू. कॅननचा एलबीपी २९०० आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानापासून वकिलांच्या घरापर्यंत सगळीकडे आहे. त्याची भाषा कॅननची स्वतःची आहे, कॅप्ट नावाची. विंडोजवर तो बिनबोभाट चालतो, लिनक्सवर मात्र त्याला चालवणं जिकिरीचं आहे. मी स्वतः त्यासाठी लिनक्सचा आग्रह सोडून देतो. एचपीच्या लेझरजेट १०२० ला सुरू झाल्यावर दरवेळी संगणकाकडून फर्मवेअर मिळावं लागतं. लिनक्सवर एचपीलिप आणि त्याचं जोड-प्लगइन टाकलं की तो चालतो. एपसनच्या एल मालिकेतल्या टाकीच्या प्रिंटरना लिनक्सचे ड्रायव्हर मिळतात. आणि नवीन प्रिंटर घेणार असाल तर खोक्यावर एअरप्रिंट किंवा मोप्रिया लिहिलेलं बघूनच घ्या. अशा प्रिंटरला वेगळा ड्रायव्हर बहुधा लागतच नाही, मग पुढे सिस्टीम कितीही वेळा बदला.

जुना स्कॅनर नव्या विंडोजवर किंवा मॅकवर ओळखला जात नसेल तर तो भंगारात टाकण्याआधी व्ह्यूस्कॅन करून बघा. ते विकतचं सॉफ्टवेअर आहे, पण कंपनीनं सोडून दिलेले अनेक स्कॅनर ते चालवतं. आधी चाचणी आवृत्ती उतरवा आणि चाललं तरच पैसे भरा.

डिजिटल सहीच्या टोकनबद्दल एक बारकावा. ईपास २००३ किंवा प्रॉक्सकीसारख्या टोकनचा ड्रायव्हर मिळाला म्हणजे काम झालं असं नाही. ज्या पोर्टलवर सही करायची त्याचं सही करणारं सॉफ्टवेअर वेगळं असतं आणि तेही तुमच्या सिस्टीमवर चालावं लागतं. महाटेंडर्सवर निविदा भरणाऱ्यांनी दोन्ही गोष्टी शेवटच्या तारखेच्या बऱ्याच आधी तपासाव्यात. आधारसाठी बोटाचे ठसे घेणाऱ्या यंत्रांनाही आरडी सर्व्हिस (आधारसाठीचं नोंदणीकृत सॉफ्टवेअर) लागते, आणि ती मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइड डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली असते. सेवा केंद्र चालवत असाल तर विंडोज सोडू नका.

चौथी पायरी : संगणकाची ताकद

आता हातातलं यंत्र काय पेलेल ते बघू. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा आणि उघडलेल्या चौकटीत 'msinfo32' टाइप करा. प्रोसेसर, रॅम, बायॉसचा (संगणक सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या सॉफ्टवेअरचा) प्रकार सगळं एका पानावर दिसेल.

विंडोज ११ ला लागतं ते असं : ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, यूईएफआय (बायॉसचा नवा प्रकार) आणि सिक्युअर बूट, टीपीएम २.०, आणि यादीतला प्रोसेसर. इंटेल कोअर असेल तर ढोबळ मानानं आठवी पिढी किंवा पुढची. पिढी ओळखणं सोपं आहे. आय५-७२०० यू असेल तर सातवी, आय५-८२५० यू असेल तर आठवी, आय५-१०२१० यू असेल तर दहावी. एएमडीत रायझन २००० मालिकेपासून पुढे, त्यातलेही काही अपवाद वगळून. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक हे छोटं साधन हे सगळं तपासून सांगतं.

ते "टीपीएम नाही" म्हणालं तर लगेच हार मानू नका. कित्येक संगणकांत टीपीएम असतं, पण बायॉसमध्ये बंद केलेलं असतं. इंटेलच्या यंत्रात ते पीटीटी नावानं, एएमडीच्या यंत्रात एफटीपीएम नावानं शोधा. बायॉसला हात लावण्याआधी एक गोष्ट मात्र न चुकता करा : बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरच्या माहितीला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. ती नसेल तर स्वतःचेच फोटो आणि कागदपत्रं कुलपात अडकून पडतात आणि मग कुणीच काही करू शकत नाही.

कागदावर ४ जीबी रॅम पुरेशी असली तरी विंडोज ११ वर ८ जीबीपेक्षा कमीत काम करणं म्हणजे रोजचा मनस्ताप. आणि फिरती हार्ड डिस्क असेल तर सिस्टीम कोणतीही घ्या, आधी एसएसडी बसवा. जुन्या यंत्रात दिसणारा सगळ्यात मोठा फरक त्यानंच पडतो.

अटी चुकवून जुन्या यंत्रावर विंडोज ११ बसवून देणारे पुष्कळ आहेत. ज्यात हिशोब किंवा बँकेचं काम होतं अशा संगणकावर मी ते करत नाही. अशा यंत्रांना अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये विशिष्ट सूचना नसतील, जशा कोअर २ ड्युओच्या काळातल्या यंत्रांत नसतात, तर सिस्टीम सुरूच होत नाही.

पाचवी पायरी : पर्याय जुळवा

यादी आणि यंत्राची ताकद समोर असली की निवड बरीचशी आपोआप होते. हट्टी गोष्ट विंडोजची आणि यंत्र पात्र, तर विंडोज ११. हट्टी गोष्ट विंडोजची पण यंत्र अपात्र, तर विंडोज १० साठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे. घरगुती वापरकर्त्यांना ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळते. ती नवं यंत्र घेण्यासाठी मिळालेली मुदत आहे असं समजा. हट्टी यंत्र एखादंच असेल तर जुना संगणक इंटरनेट काढून फक्त त्याच्यासाठी ठेवणं हाही शहाणपणाचा मार्ग आहे.

हट्टी काहीच नाही आणि यंत्र जुनं आहे, तर लिनक्स मिंट. आईवडिलांच्या किंवा शाळकरी मुलांच्या संगणकासाठी मी हेच सुचवतो. मिंट २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, ती फुकट आहे, आणि विंडोजची सवय असलेल्याला खालची पट्टी, मेन्यू सगळं ओळखीचं वाटतं. रॅम ४ जीबीच असेल तर तिची एक्सएफसीई आवृत्ती घ्या. केरळच्या सरकारी शाळांत कित्येक वर्षं लिनक्सवरच संगणक शिकवला जातोय, तेव्हा मुलांना जड जाईल ही भीती नको. क्रोमओएस फ्लेक्सही जुन्या यंत्रावर बसतं, पण त्यावर अँड्रॉइड ॲप चालत नाहीत, हे ठाऊक असू द्या.

मॅकबद्दल थोडक्यात. २०१९ च्या कॅटलिनापासून ३२ बिटचे प्रोग्रॅम बंद झाले. नोव्हेंबर २०२० पासून आलेल्या ॲपलच्या स्वतःच्या चिपवर बूट कॅम्प नाही, म्हणजे "एका बाजूला विंडोजही टाकू" ही जुनी सोय गेली. आणि मॅकओएस २६ टाहो ही इंटेल मॅकसाठी शेवटची आवृत्ती असल्याचं ॲपलनं जाहीर केलं आहे. तेव्हा स्वस्तात मिळतोय म्हणून जुना इंटेल मॅकबुक घेऊ नका.

सहावी पायरी : बसवण्याआधी चालवून बघा

लिनक्सचा विचार असेल तर ही पायरी गाळू नका. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, त्यातलं सगळं पुसलं जाणार हे लक्षात ठेवा, आणि रूफस किंवा बलेना एचर वापरून त्यावर मिंट चढवा. संगणक पेनड्राइव्हवरून सुरू केला की डिस्कला हात न लावता सगळी सिस्टीम वापरता येते. वायफाय जोडा. आवाज ऐका. कॅमेरा उघडा. लॅपटॉपचं झाकण मिटून दहा मिनिटांनी उघडा, कारण झोपेतून नीट जागं न होणं ही नेहमीची तक्रार. ब्लूटूथ, प्रोजेक्टर, यादीतलं प्रत्येक यंत्र जोडून बघा. प्रिंटर नुसता ओळखला जातो यावर समाधान मानू नका. एक पान छापा, आणि त्या पानावर मराठी असू द्या.

मराठीची परीक्षा मी अशी घेतो. "कैऱ्या, ऱ्हास, सूर्य, ॲप, श्रद्धा, लक्ष्मी, शाळा" एवढं टाइप करतो. ऱ्या मधला आडवा र नीट येतो का, ॲ च्या जागी रिकामी चौकट तर दिसत नाही ना (हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते नसतं), आणि ल, श मराठी वळणाचे दिसतात की हिंदी, ते बघतो. इनस्क्रिप्ट कळफलक तिन्ही सिस्टीमवर आहे, त्यामुळे इनस्क्रिप्ट येणाऱ्याला कुठेच अडत नाही. उच्चाराप्रमाणे टाइप करणाऱ्यांसाठी विंडोजमध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक आहे, लिनक्सवर आयबस-एम१७एन हे टायपिंगचं साधन टाकावं लागतं. रेमिंग्टनवर बोटं बसलेल्यांनी मात्र आपला नेमका कळफलक मिळतो का ते आधी बघावं. दोन अक्षरांच्या जागा बदलल्या तरी कामाचा वेग निम्मा होतो. मंगल फॉन्टमधली कागदपत्रं लिनक्सवर दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडतात आणि पानं पुढेमागे सरकतात, तेव्हा अर्ज किंवा पत्र पाठवताना पीडीएफच पाठवा.

सातवी पायरी : जुनी डिस्क पुसू नका

फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींना वाचता यावी म्हणून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. टॅलीचा डेटा, ब्राउझरमधले पासवर्ड, डिजिटल सहीच्या टोकनचा पिन, सॉफ्टवेअरचे लायसन्स क्रमांक वेगळे लिहून घ्या. टॅलीसारख्या सॉफ्टवेअरचं लायसन्स जुन्या संगणकावरून आधी सोडवावं लागतं, मगच ते नव्यावर सुरू होतं.

एकाच डिस्कवर दोन सिस्टीम ठेवायच्या असतील तर विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या भागात काही लिहिता येत नाही. पण माझी पसंती याहून सरळ मार्गाला आहे. नवी एसएसडी विकत घ्यायची, जुनी डिस्क जशीच्या तशी काढून ठेवायची आणि नवी सिस्टीम नव्या एसएसडीवर बसवायची. काही बिनसलं तर चार स्क्रू फिरवून अर्ध्या तासात पुन्हा पूर्वीच्या जागी येता येतं. त्या जुन्या डिस्कवर तारीख लिहा आणि एक मार्चअखेर, एक आयकराचा हंगाम आणि यादीतली वर्षातून एकदाची सगळी कामं नव्या सिस्टीमवर पार पडेपर्यंत तिला कपाटातून बाहेर काढू नका.